कुडचीचा पूल, कल्लोळचा बंधारा: सीमाभागातले चार दिवस

माझी आत्या येडूरला दिलेली आणि आमचं मूळ गाव कल्लोळ. दोन्ही गावं चिकोडी तालुक्यात, जवळजवळ समोरासमोर, मधे फक्त कृष्णा. उन्हाळ्यात आत्या बंधाऱ्यावरून चालत माहेरी यायची आणि दिवस मावळायच्या आत परत जायची. पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली गेला की तीच आत्या दोन-दोन महिने दिसायची नाही. त्यामुळं लहानपणापासून माझ्या डोक्यात पूल म्हणजे नातेवाईक. यंदा दिवाळीनंतर चार दिवस मोकळे मिळाले, तेव्हा ठरवलं की बेळगाव जिल्ह्यातल्या नद्यांवरचे पूलच बघत फिरायचं. सोबत मामा. ते रेल्वेत की-मन होते, म्हणजे रूळ तपासणारे. रोज सकाळी हातोडा आणि चाव्या घेऊन रुळाच्या कडेनं चालण्यात त्यांची सगळी नोकरी गेली.

दिवस पहिला: बेळगाव ते उगार

बेळगावहून मिरजेकडं जाणारी पॅसेंजर धरली. मामांनी खिडकी मला दिली आणि स्वतः दाराशी उभे राहिले. सांबरे, सुळेभावी, सुळधाळ, पाच्छापूर अशी स्टेशनं जात राहिली. डब्यात शेंगा, चुरमुरे आणि मिरची भज्यांचा वास. समोर बसलेल्या बाईंनी आधी कानडीत "ऊट आतेनरी?" म्हणून विचारलं आणि आमचं मराठी ऐकल्यावर लगेच "जेवलासा का?" म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तराची वाट न बघता जोंधळ्याची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं केली. या मार्गावर डबा न घेता निघालात तरी उपाशी राहत नाही.

गोकाक रोड सुटलं आणि घटप्रभेचा पूल आला. मामांनी खिशातून नाणं काढलं, कपाळाला लावलं, खाली सोडलं. "आवाज ऐक," म्हणाले. मी कान दिला. जमिनीवर रूळ खडीत बसलेला असतो, त्यामुळं चाकाचा आवाज खडी खाऊन टाकते. पुलावर गाडी आली की खालची पोकळी बोलायला लागते. मामा बारीक आवाजात गाळे मोजत होते. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतची जागा म्हणजे गाळा. ही मोजणी त्यांची जुनी सवय आहे, नोकरीत असताना डोळे मिटून मोजायचे म्हणे.

मिरज-बेळगाव-लोंढा हा मार्ग सदर्न मराठा रेल्वेनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घातला. तेव्हा तो मीटरगेज होता. १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला आणि त्यानंतर दुहेरीकरणाचं काम आलं. मामांनी मीटरगेजही बघितलं आहे. "लहान गाडी होती, पण पूल ओलांडताना ड्रायव्हर आताच्यासारखाच जपून असायचा," एवढंच म्हणाले.

रायबाग, चिंचली गेली. चिंचलीला मायाक्का देवीची माघात मोठी जत्रा भरते आणि महाराष्ट्रातून गाड्याच्या गाड्या येतात. कुडचीला मासाहेबांचा दर्गा, तिथंही दोन्ही बाजूंची माणसं. कुडची सुटलं की लगेच कृष्णा.

घटप्रभा मी डोळे भरून बघितली होती, पण कृष्णा आली तेव्हा बोलणंच थांबलं. नोव्हेंबरातही पात्र भरलेलं होतं. दोन्ही काठांना ऊस, मधे संथ, मातकट हिरवं पाणी आणि त्यावर आमच्या गाडीची सावली. डब्यातल्या निम्म्या लोकांनी हात जोडले. महाबळेश्वरात उगम पावून वाई, कऱ्हाड, सांगली करत आलेली ही नदी इथं येईपर्यंत कोयना, वारणा, पंचगंगा, दूधगंगा सगळ्यांना पोटात घेऊन आलेली असते. इथला पूल एवढं सगळं पाणी खालून जाऊ देतो.

उगार खुर्दला उतरलो. कारखान्याचा हंगाम सुरू झालेला, हवेत मळीचा गोडसर उग्र वास. ओळखीच्यांकडं पिशव्या टाकून संध्याकाळी नदीवर गेलो. पुलावर चढायचं नाही हे मामांनी आधीच बजावलं होतं. रेल्वेच्या पुलावरून चालणं गुन्हा आहे आणि जिवावरचं काम आहे. काठावरून सगळं दिसतं.

मामांनी खांबावरच्या खुणा दाखवल्या. एक धोक्याच्या पातळीची आणि एक आजवरच्या सर्वांत उंच पुराची, म्हणजे रेल्वेच्या भाषेत एचएफएल. पावसाळ्यात माणूस नेमलेला असतो, तो दिवसरात्र या खुणेवर डोळा ठेवतो. पाणी धोक्याच्या खुणेला लागलं की गाड्या थांबवायच्या. गस्तवाल्याकडं कंदील, लाल-हिरवी झेंडी आणि फटाके असतात. फटाका रुळावर बांधला की चाकाखाली फुटतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. २००५ च्या पुरात मामा असेच एका पुलावर रात्रभर बसले होते. "पाणी चढताना दिसत नाही रे. दगडाचा एक थर दिसत असतो, बिडी ओढून बघावं तर तो नसतो. आणि आवाज. खांबाला ओंडके लागायचे, ते पायातनं कळायचं." एवढं बोलून ते बराच वेळ पाण्याकडं बघत राहिले. मीही काही विचारलं नाही.

*जाणाऱ्यांसाठी:* पॅसेंजरला आरक्षण लागत नाही, पण शनिवार-रविवार गर्दी फार. कृष्णा बघायची तर दिवसाउजेडी जाणारी गाडी निवडा आणि दारात लोंबकळू नका. उगारला राहायची सोय मर्यादित आहे, मुक्काम मिरजेत केला तरी चालतो.

दिवस दुसरा: उगार, मांजरी, येडूर

सकाळी सहाला नदीवर धुकं होतं. उगार-कुडची रस्त्याच्या पुलावर उभं राहिलो तर दोन्ही टोकं दिसेनात. जमखंडी-मिरज रस्त्याची सगळी वाहतूक याच पुलावरून जाते. धुक्यातून आधी दिवे यायचे, मग उसाचा ट्रॅक्टर, मग त्याच्या मागच्या दोन ट्रॉल्या, आणि त्या गेल्यावरही पायाखाली थरथर उरायची.

काल रेल्वेचा पूल बघितला होता म्हणून फरक लगेच जाणवला. रेल्वेनं सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीसुद्धा पुराचा हिशेब धरूनच रूळ नेले. रस्त्याचे पूल मात्र खाली राहिले. मोठा पूर आला की हा पूल पाण्याखाली जातो आणि उगारचं कुडचीशी तोंड बंद होतं. बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं पलीकडं. मला हे मनापासून लागतं. पुलाची उंची दोन-तीन मीटर कमी ठेवली की त्याची किंमत दरवर्षी शाळकरी पोरं आणि बाळंतिणी भरतात.

कठड्याजवळच्या झाडावर माझ्या डोक्याच्याही वर उसाचा वाळलेला पाला, एक फाटकी साडी आणि प्लास्टिक अडकलेलं होतं. ते कुणी फेकलेलं नव्हतं. पावसाळ्यात पाणी तिथवर होतं.

कागवाडमार्गे मांजरीला आलो. इथं चिकोडी-मिरज रस्त्यावरचा अंकली-मांजरी पूल. अलीकडं मांजरी, पलीकडं अंकली. सांगलीजवळ मिरज तालुक्यातही एक अंकली आणि तिथंही कृष्णेवर पूल आहे. फोनवर रस्ता शोधताना हमखास घोळ होतो, तेव्हा "चिकोडीची अंकली" असं नीट विचारा. पुलाजवळच्या गाड्यावर गरम भजी आणि दोन कप चहा. तिथंच मासे घेऊन बसलेल्या मावशींनी मामांना विचारलं, "कुठलं पावणं?" येडूर म्हटल्यावर म्हणाल्या, "मग वीरभद्राला सांगा, औंदा लवकर उतरवलंस पाणी, पुढच्या साली बी तसंच कर."

येडूरचा वीरभद्र कृष्णाकाठीच. दर्शन घेतलं, घाटावर पाय बुडवले, आणि आत्याच्या घरी.

आत्या आता पंचाहत्तरीला आली. "आलासा व्हय? बसा की. पावणं, तुमी खुर्चीवर बसा," म्हणत मामांना खुर्ची आणि मला हाताला धरून चुलीजवळ. जेवायला जोंधळ्याची भाकरी, भरलं वांगं, दही, आणि माझ्यासाठी शेंगापोळी. जेवताना माझी नजर भिंतीवर गेली. सोप्याच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटच्या तीन रेघा. सर्वांत खाली २०२१, त्याच्यावर २००५, आणि देवळीच्याही वर २०१९.

"हितपत्तूर आलं हुतं," आत्या देवळीवर हात ठेवून म्हणाली. "धा दिवस शाळंत हुतो. घरात आलो तर चुलीत गाळ."

पावसाळ्यात या घरात उसाच्या भावापेक्षा पाण्याचे आकडे जास्त बोलले जातात. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, राजापूरच्या बंधाऱ्यावर किती फूट, अलमट्टीतून खाली किती जातंय. कोयना १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचं धरण. ते भरत आलं की इथली माणसं धान्य माळ्यावर चढवतात. खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण. त्याची पाणीपातळी ५१९.६० मीटर आहे आणि ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा २०१० मध्ये कृष्णा पाणी तंटा लवादानं दिली. ती वाढली तर फुगवटा किती मागं येईल याची धास्ती सांगलीपर्यंत आहे. आत्याला लवाद माहीत नाही, पण "अलमट्टी" हा शब्द ती नात्यातल्या माणसाचं नाव घ्यावं तसा घेते.

संध्याकाळी ती आम्हाला बंधाऱ्यावर घेऊन गेली. आणि या चार दिवसांत मला सर्वांत जास्त जे लक्षात राहिलं ते इथंच.

कल्लोळ-येडूर बंधारा कोल्हापूर पद्धतीचा. नदीत ओळीनं खांब, खांबांवर स्लॅब, तोच रस्ता. प्रत्येक खांबाला उभ्या खाचा. पावसाळा संपला की या खाचांतून फळ्या सोडतात, त्यांना बर्गे म्हणतात. पूर्वी लाकडी असायचे, आता लोखंडी. बर्ग्यांच्या दोन रांगा आणि मधे चिखलमाती ठासायची. पाणी अडतं, मागं तुंबतं, आणि काठावरच्या मोटारी उसाला पाणी पाजत राहतात. पावसाळ्याआधी सगळे बर्गे काढून घ्यायचे, म्हणजे पूर खालून आणि वरून मोकळा जातो.

आम्ही गेलो तेव्हा बर्गे घालायचं काम चालू होतं. चेन-कप्पीला टांगलेला गंजका बर्गा एक माणूस दोन्ही पायांनी खाचेकडं ढकलत होता. तो खाचेत बसताना खर्र असा आवाज आला आणि शेवटच्या हातभर अंतरात तो अडला. त्यानं वरून पहारीनं तीन ठोके घातले. बर्गा खाली बसला आणि त्या गाळ्यातून जाणारं पाणी आमच्या डोळ्यांदेखत बारीक झालं. दुसरा गडी चिखलाचे गोळे वळून मधल्या फटीत टाकत होता, वर चढून पायानं तुडवत होता. "चिखल नीट बसला न्हाई तर रातभर गळतंय," म्हणाला. त्याच्या पोटऱ्यांवर चिखल वाळून भेगा पडल्या होत्या.

बंधाऱ्याला पक्का कठडा नाही. मला आधी हा निष्काळजीपणा वाटला होता. मामांनी समजावलं, कठडा ठेवला तर पुरात झाडं, केंदाळ, ऊस सगळं त्याला अडकतं, पाणी तटतं आणि त्या रेट्यानं पूलच ढकलला जातो. म्हणजे बुडायचंच आहे हे धरून तो बांधलेला आहे. तरी रात्री मोटरसायकलवरून येणाऱ्याला कड दिसावी म्हणून पांढरे दगड आणि चमकणाऱ्या पट्ट्या तरी हव्यात. त्या बऱ्याच ठिकाणी नाहीत, आणि ही हयगय आहे.

पलीकडं कल्लोळ दिसत होतं. आत्या मधेच थांबली. कल्लोळच्या वरच्या अंगाला एक उंचवटा आहे, तिकडं बोट करून म्हणाली, "अण्णांना थितं दिलं."

आजोबा जुलैत गेले. तेव्हा बंधारा पाण्याखाली होता. मांजरीच्या पुलाकडं जायचं तर वाटेतला रस्ताही बुडालेला. काहिलीतून सोडा म्हणून तिनं हट्ट धरला. गुळाची काहील पाण्यात टाकून दोघं-तिघं पलीकडं जायची पद्धत आमच्याकडं जुनी आहे. पण त्या दिवशी धार बघून कुणीच तयार झालं नाही. ती घाटाच्या वरच्या पायरीवर उभी राहिली आणि पाऊस थांबल्यावर तिला पलीकडं धूर दिसला. मला हे एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ती रडली नाही. पदर सारखा करून म्हणाली, "चल, कल्लोळला चहा पिऊ." आम्ही तिघं चालत पलीकडं गेलो, चुलतभावाकडं चहा घेतला आणि अंधार पडायच्या आत परत आलो.

*जाणाऱ्यांसाठी:* बंधाऱ्यांवर जून ते सप्टेंबर जाऊ नका, वरून पाणी वाहत असताना तर अजिबातच नाही. गुडघाभर धारेतही माणूस आणि गाडी जाते. बर्गे घालायचं काम बघायचं तर पावसाळा सरल्यावरचे आठवडे चांगले.

दिवस तिसरा: दूधगंगा, वेदगंगा

आत्यानं भाकरीचं गाठोडं दिलं, वडाप म्हणजे शेअर जीप धरून सदलग्याला. तिथून मलिकवाड.

मलिकवाड-दत्तवाड बंधारा दूधगंगेवर. मलिकवाड कर्नाटकात चिकोडी तालुक्यात, दत्तवाड महाराष्ट्रात शिरोळ तालुक्यात. बंधाऱ्यावर एक शेतकरी दुधाची किटली सायकलला लावून येत होते. कुठलं गाव, विचारलं. म्हणाले, "घर हिकडं, रान तिकडं, पोरगी बी तिकडंच दिली." हद्द कुठं लागते विचारल्यावर त्यांनी पाण्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पावसाळ्यात लागती."

पुढं बोरगावकडं जाताना एका बंधाऱ्यावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर अडकला. मागच्या ट्रॉलीचं चाक स्लॅबच्या कडेला, एक वीतभर जागा उरलेली. दोन्ही बाजूंना रांगा लागल्या. दीड तास गेला. कुणी हॉर्न वाजवला नाही. पंधरा-वीस जण खाली उतरून मोळ्या काढायला लागले, मीही लागलो. उसाच्या पात्यानं हात कापतात हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. ट्रॉलीबरोबरचं ऊसतोडीचं जोडपं बीड भागातलं होतं. बाईंच्या कडेवर वर्षाचं पोर. ट्रॅक्टर निघाल्यावर आत्याचं गाठोडं तिथंच सोडलं, भाकरी सगळ्यांनी खाल्ल्या. त्या बाईंनी चटणी चाखून विचारलं, "ह्यात काय घातलंय?" मामांनी कारळं सांगितलं.

दुपारी अचानक आभाळ भरून आलं आणि अर्धा तास जोराचा पाऊस झाला. भोजजवळ एका देवळाच्या ओसरीत थांबलो. हा सगळा भाग वेदगंगा-दूधगंगेच्या बेचक्यात. कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, अक्कोळ-सिदनाळ, जत्राट-भिवशी ही नावं तुम्ही दर जुलैत पेपरात एका ओळीत वाचली असतील, "हे बंधारे पाण्याखाली" अशा बातमीत. प्रत्येक जोडीत दोन गावं आहेत आणि मधे एक नदी. ओसरीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, पाणी आलं की पाच मिनिटांच्या वाटेला वीस-पंचवीस किलोमीटरचा फेरा पडतो.

मुक्काम निपाणीत. शहरात शिरताना तंबाखूचा वास नाकात बसतो तो झोपेपर्यंत. रात्री तांबडा-पांढरा. मामांनी पांढऱ्या रश्श्याच्या तीन वाट्या घेतल्या.

*जाणाऱ्यांसाठी:* या भागात बसच्या पाट्या बहुतेक कानडीत असतात, कंडक्टरला मराठीत विचारलं तर सांगतात. आडगावांना वडाप किंवा स्वतःची दुचाकी बरी.

दिवस चौथा: यमगर्णी ते गोकाक

सकाळी लवकर यमगर्णीला, पुणे-बेंगळुरू महामार्गावरच्या वेदगंगेच्या पुलापाशी. चौपदरी रस्ता, ट्रकांची रांग तुटत नाही. याच महामार्गावर थोडं पुढं कोगनोळीजवळ दूधगंगेचा पूल, तिथं राज्याची हद्द. जुलै २०२१ च्या पुरात इथं यमगर्णीला पाणी रस्त्यावर आलं आणि देशातला एवढा मोठा महामार्ग बंद पडला. खेड्यातल्या माणसाचं दरवर्षीचं दुखणं तेव्हा सगळ्यांना दिसलं.

संकेश्वरला हिरण्यकेशी ओलांडली, बाजारात संकेश्वरी मिरची घेतली आणि हुक्केरीवरून घटप्रभेला.

गोकाकचा धबधबा पावसाळ्यात बघावा असं सगळे म्हणतात. सुमारे ५२ मीटरवरून घटप्रभा खाली पडते. नोव्हेंबरात पाणी दोन-तीन धारांत विभागलेलं होतं, पण त्यामुळं काळा खडक आणि वरचा झुलता पूल नीट दिसला. धबधब्याच्या तोंडाशी, साधारण २०० मीटर लांब, पोलादी दोरांवर टांगलेला. १८८० च्या दशकात इथं सूतगिरणी उभी राहिली आणि याच पाण्याच्या जोरावर चालली. चार दिवस खांबांवर उभे पूल बघितल्यावर हा बिनखांबांचा पूल बघताना मामा गप्प झाले. मग म्हणाले, "ह्याला मोजायला गाळाच नाही." पाण्याच्या कडेला जाऊ नका, खडक शेवाळलेला असतो आणि इथं माणसं गेलेली आहेत.

करदंट घेतला, डिंक-खोबरं-सुकामेवा घातलेला, मऊ. परतीची गाडी मुद्दाम घटप्रभा स्टेशनवरून धरली, म्हणजे पूल पुन्हा ओलांडता येईल.

गाडीत असतानाच आत्याचा फोन आला. बर्गे सगळे लागले, पाणी हातभर चढलं, आणि तुझा रुमाल इथंच राहिलाय. मी काही बोलणार तोवर गाडी पुलावर आली आणि आवाज बदलला. "कसला आवाज रं?" ती म्हणाली. पूल आलाय, मी सांगितलं. "थांब, मग ठेवू नको," म्हणाली, आणि गाडी पलीकडं जाईपर्यंत ती तशीच ऐकत राहिली. दारात मामा गाळे मोजत होते.